सिंक बिघडलंय

"सिंक बिघडलंय गं, बघ जरा," असं म्हणत काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि मोबाइल माझ्या हातात द्यायचे. उलव्याच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. मी कॉम्प्युटरवर काम करते म्हणजे मला सगळं येतं, ही त्यांची ठाम समजूत.

फीड रीडर म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉगवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं अ‍ॅप. तुमच्याआमच्यातले कितीजण वापरतात हो? काका मोबाइलवर एक, टॅबवर दुसरं आणि कॉम्प्युटरवर तिसरंच वापरायचे. एकीकडे ब्लॉग जोडला की तिन्हीकडे दिसलाच पाहिजे, म्हणजे सिंक झालाच पाहिजे, हा हट्ट! पक्षी, किल्ले, शेअर बाजार, काय वाट्टेल ते वाचायचे. पण सगळ्यात वर मुलाचा ब्लॉग.

मुलगा कॅनडात. काकू गेल्यापासून फोनवर बापलेकांचं बोलणं "जेवलास?" "हो, तुम्ही?" एवढ्यावर आटोपायचं. ब्लॉगवर मात्र पोरगा मोकळा व्हायचा. तिथला बर्फ, करपलेली आमटी, आईची आठवण. काका मला कौतुकानं वाचून दाखवायचे.

"अहो, खाली दोन ओळी लिहा की त्याला!"

"छे! बाप वाचतोय कळलं की जपून लिहायला लागेल."

मग त्या ब्लॉगवर नवं काही येईनासं झालं. काकांनी खापर फोडलं सिंकवर. अ‍ॅप बदललं. सगळे ब्लॉग नव्या अ‍ॅपमध्ये हलवायला अर्थात मीच. काही महिन्यांनी पुन्हा तेच. सिंक ठणठणीत होतं.

"काका, त्यानंच काही लिहिलं नाहीये," एकदा मी वैतागून म्हटलं.

"असं कसं? नीट बघ ना," म्हणाले आणि माझ्याकडे न बघताच चहा टाकायला उठले. मला इतकं वाईट वाटलं! पुढच्या वेळी मुकाट्यानं अ‍ॅप बदलून दिलं.

गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. मुलगा आला. आवराआवर करताना टॅब उघडून तो थबकला.

"माझा ब्लॉग बाबा वाचायचे?"

"शब्द न् शब्द. मला वाचून दाखवायचे."

"पण मला तर ब्लॉगवर कुणी आलेलं दिसायचंच नाही!"

रीडरमधून वाचलं तर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला कळत नाही, हे मी त्याला सांगितलं.

"वाचतंय कोण, म्हणून सोडलं हो मी लिहायचं," एवढंच तो म्हणाला. मग तिथेच जमिनीवर बसला, टॅब मांडीवर घेतला आणि स्वतःचंच लिखाण पहिल्यापासून वाचू लागला.