उघड्या स्लॅबखालचा कापूस

साहेबांनी चाकू घातला आणि गादी उभी फाडली. कापूस फरशीवर सांडला.

"पिंजाऱ्याची पोर," ते म्हणाले, "आर्किटेक्ट झाली तरी गादीच शिवणार."

ते वाक्य भिंतीवरून छतावर गेलं, छतावरून टेबलांवर पडलं. हॉलमध्ये असं एकही माणूस नव्हतं ज्याला ते ऐकू आलं नाही.

जळगावातल्या एका बियाणे कंपनीचं ते नवं ऑफिस. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. साहेब त्याचे आर्किटेक्ट, त्यांनी ते एसीशिवाय बांधलं होतं. वीज वाचवणारी इमारत म्हणून बाहेरगावचे लोक बघायला येत. उंच छत, स्लॅब उघडा, मधोमध गरम हवा वर ओढणारं धुराडं, छातीच्या वर कुठे भिंत नाही. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आत बसवत असे. पण ऐकवत नसे. टाइपरायटर, फोन, खुर्च्या, सगळ्यांचा एकच कालवा. हिशेबातल्या एका बाईंचा गर्भ पडला. त्यांनी ते फोनवर आईला सांगितलं आणि पार कोपऱ्यातल्या पुरुषांनी माना खाली घातल्या.

कंपनीचे शेठ चिडले. आवाज कमी करायचं काम साहेबांनी माझ्यावर ढकललं. मी त्यांची ज्युनियर. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, विचारल्याशिवाय न बोलणारी. खोटं छत लावलं असतं तर आवाज मेला असता, पण स्लॅबचा गारवाही झाकला गेला असता. म्हणून मी कापसाच्या पातळ गाद्या छतापासून उभ्या टांगायचं ठरवलं. मधून हवा खेळेल, आवाज कापसात अडकेल. पेट घेऊ नये म्हणून कापूस टाकणखाराच्या पाण्यातून काढला. फोनवर बसणाऱ्या अक्कांच्या डोक्यावर चार गाद्या टांगून पाहिल्या.

अक्का म्हणाल्या, "पोरी, समोरचा माणूस ऐकू येऊन राहिला."

साहेबांनीही ऐकून पाहिलं आणि बाकीच्या करायला सांगितल्या. त्या धुळ्यात माझ्या अब्बांनी भरल्या आणि एसटीच्या टपावर टाकून आणल्या. प्रवासात कापूस दबतो, म्हणून तो परत फुलवायला खांद्यावर धनुष्यासारखं पिंजणही होतं. हॉलच्या दारात ते थांबले आणि आयुष्यभर गल्लीबोळांत करत आले तेच त्यांनी केलं. आलो, हे कळावं म्हणून पिंजणाची तात एकदा टण् करून छेडली.

त्या हॉलमध्ये.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग हसू फुटलं.

"साहेब, मी पिंजारी शे, धुयाना," अब्बाही हसत म्हणाले.

साहेबांबरोबर शेठ होते आणि इमारत बघायला आलेले पाहुणे. हा कोण, पाहुण्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, आपल्याला काही माहीत नाही, हा या मुलीचा उद्योग आहे. मग चाकू निघाला.

गादी फाडून झाल्यावर ते अब्बांना म्हणाले, "उचल सगळं."

अब्बा गुडघ्यांवर बसले आणि कापूस गोळा करू लागले. साहेबांनी बूट पुढे केला. अब्बांच्या बोटांवर ठेवला. दाबला. अब्बांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. बोटांतून निघाला. मी तो ऐकला.

शाळेत मुली माझ्यामागून टण् टण् करायच्या. मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

"अब्बा, मत उठाओ," मी म्हणाले.

घरची भाषा. त्या ऑफिसात मी ती कधी बोलले नव्हते. हळूच म्हणाले, पण त्या हॉलमध्ये हळू असं काही नव्हतंच. सगळ्यांनी ऐकलं. बूट हलला नाही.

मी साहेबांच्या तोंडात मारली. उघड्या हाताने, अंगातल्या सगळ्या जोराने. चष्मा उडाला. तो आवाज हॉलभर फिरला, वर गेला, परत आला. त्यांनी माझे केस धरले आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं. दिसत नव्हतं. त्यांचं मनगट हाताला लागलं तसं मी त्याला चावले, आणि त्यांनी केस सोडले तेव्हाच सोडलं. कुणी मधे पडलं नाही. हसणं मात्र थांबलं होतं.

संध्याकाळी शेठचा निरोप आला. सगळ्यांसमोर माफी माग. गाद्या लागतील, साहेबांकडची नोकरीही राहील. माझ्या कपाळाला टाके होते. अब्बांची दोन बोटं कायमची वाकडी झाली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. माफी मागायला आले असं समजून शिपायाने दार उघडलं. मी शिडी लावली आणि टांगलेल्या चारही गाद्या दोऱ्या कापून खाली पाडायला लागले. अक्का खालीच बसल्या होत्या. त्यांचे कान परत त्या कालव्यात जाणार, हे मला कळत होतं. त्या उठल्या आणि शेवटची गादी पडेपर्यंत शिडी धरून उभ्या राहिल्या.

तो हॉल अजून तसाच घुमत असेल. घुमू दे.

आता माझ्या कामावर पिंजारी पुढच्या दाराने येतो, तात छेडून येतो. ज्याला ते चालत नाही त्याची इमारत मी हातात घेत नाही. आणि कुणी त्याच्या बोटांवर बूट ठेवलाच, तर माझा हात अजून तोच आहे.