सामन्यात घेतलेलं नाव

निशिगंधाला वाडीत कुणी निशिगंधा म्हणत नाही, बुवा म्हणतात. शक्ती-तुऱ्याच्या नाचात जो गाणी रचतो आणि माइकवर म्हणतो तो बुवा. आजवर ते काम पुरुषांनीच केलं, म्हणून बाईला काय म्हणावं याचा विचार कुणी केलेला नव्हता. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीची सुरुवातीला जीभ अडखळली, मग सवय झाली.

गाणं तिने चुलत्याकडून उचललं. सखाबुवा म्हणजे एके काळी महाड-पोलादपुरात नाव घ्यावं असा गडी. पुढे घशाच्या आजारात त्याचा आवाज बसला तो बसलाच. मुलगा गाण्याकडे फिरकेना, शिष्य मुंबईला पांगले, आणि ही पुतणी नालासोपाऱ्याहून पिशवी घेऊन माहेरी परत आली. नवऱ्याने तिला टाकलं की तिने नवऱ्याला, यावर वाडीचं अजून एकमत झालेलं नाही. खरं सांगायचं तर तो मारायचा आणि ही निघून आली, एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीत कुणाला रस असतो? दिवसा ती महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात पाकिटं भरते, कंपनीच्या बसने जाते-येते, आणि संध्याकाळी सखाबुवाच्या पडवीत तालमीला बसते.

या नाचात दोन बाजू असतात, एक शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. एकाने आपल्या पाळीची गाणी, म्हणजे बारी, गायची, दुसऱ्याने आपल्या बारीत तिला उत्तर द्यायचं. जुनी माणसं सांगतात की पूर्वी पुराणातले सवाल टाकायचे आणि रात्र रात्र भांडायचे. आता पुराण कुणाला हवंय? आता समोरच्या बुवाची आई, बायको, बहीण काढायची, मांडवातून शिट्ट्या घ्यायच्या आणि मोबाइलवाल्याने ते दुसऱ्या दिवशी चॅनलवर चढवायचं. ज्या बारीत घाण जास्त, ती बारी जास्त पाहिली जाते. त्यात समोर बाईच बुवा म्हणून उभी असेल तर आई-बहिणीपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही.

गेल्या सामन्यात समोरच्या बाजूच्या, दासगावच्या भरतबुवाने तिच्यावर जे गायलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याचं घर सोडलेली बाई ढोलकीवाल्यांच्या मध्ये उभी राहून काय काय करते, याचं ते साग्रसंगीत वर्णन होतं. भरतबुवाचा आवाज गोड. तीच तर वाईट गोष्ट, कारण घाण गोड आवाजात पोटात लवकर उतरते. निशिगंधा मांडवात बसून ऐकत होती आणि तिच्या आजूबाजूच्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर कुणीतरी तेच मोबाइलवर लावलं. आवाज कमी केला नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली. बसमध्ये तिच्याशी रोज हसून बोलणारी माणसं होती, त्यातल्या एकानेही "बंद कर रे" म्हटलं नाही. त्या दिवशी तिच्या मनात राग कमी आणि भीतीच जास्त होती. तेवढ्या ओळींनी ती सगळ्यांच्या हातात गेली होती.

उत्तर तर द्यायलाच हवं होतं. न दिलेलं उत्तर म्हणजे मान्य केलेली गोष्ट, असा या नाचाचा कायदा. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की सत्यनारायणाच्या पूजेला पुन्हा सामना लागणार होता. सखाबुवाने बसक्या आवाजात पदं सांगायला घेतली. चौथ्या पदाला तो थांबला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "आता ऐक. शाहिराची सेजल बाई, कुणाच्या गाडीवर बसली."

"सेजल कोण?"

"भरतची पोर. कॉलेजात हाय महाडला. आपल्या विनोदनं बघितलीय तिला डेपोच्या मागं, एका पोराच्या गाडीवर. खोटं नाय सांगत."

विनोद ढोलकीवाला. त्याने मान डोलावली. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, त्याने फक्त जे बघितलं ते सांगितलं होतं.

"काका, पोरीचं नाव नको."

"त्यानं तुझं नाव घेतलं तेव्हा कोण बोललं नको म्हनून? बुवाला बुवाच्या घरातून मारायचा. माझ्या बापानं तसंच केलं, मीपन तसंच केलं."

तिने वाद घातला नाही. म्हातारा चिडला की त्याला खोकल्याची उबळ येते. ती म्हणाली, बघू.

त्यानंतर काही दिवसांनी पहिली पाळी संपवून ती महाडला उतरली, बाजार केला आणि डेपोत पोलादपूरच्या गाडीची वाट बघत उभी होती. एक मुलगी घुटमळत जवळ आली. खांद्याला बॅग, ओढणी दोनदा गुंडाळलेली.

"ताई, तुम्ही निशिगंधाबुवा ना? तुमची गवळण मला पाठ हाय."

निशिगंधाला बरं वाटलं. मग मुलीने नाव सांगितलं, आणि निशिगंधाने हातातली पिशवी खाली टेकवली.

"बाबांनी तुमच्यावर जे गायलं ते मला आवडलं नाय," सेजल म्हणाली. "मी घरी बोलले तसं. आजीनं मला गप्प केलं." मग ती इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही उत्तर द्या. बाबांना काय पन बोला. पन माझं नाव नका घेऊ. बाबा बोललेत, माझ्या पोरीचं नाव सामन्यात आलं तर ते नाव परत घ्यायची वेळ कुनावर येनार नाय."

"रागात बोलतात गो माणसं."

"रागात नाय बोलले. जेवताना बोलले."

निशिगंधाने तिला शब्द दिला. दोघींनी नंबर घेतले. गाडी सुटल्यावर तिने मागे पाहिलं तर मुलगी अजून तिथेच उभी होती.

आता निशिगंधाने काय करावं? सरळ जाऊन काकाला सांगायचं, ही ओळ मी म्हणणार नाही. पण ती या घरात आश्रयाला राहिलेली बाई. तिने सोपा मार्ग काढला. तालमीत ओळ म्हणायची, सामन्यात गाळायची. बारी एकदा सुरू झाली की बुवाला कोण अडवतो? म्हणून ती महिनाभर सेजलचं नाव त्या पडवीत गात राहिली, आणि मागे बसलेले झीलकरी ते उचलत राहिले. झीलकरी म्हणजे बुवाची ओळ मागून पुन्हा म्हणणारे. सगळे वाडीतलेच, कुणी गवंडी, कुणी मुंबईहून सुट्टीवर आलेला. या लोकांची एक शिस्त असते. गाताना बुवाचा दम तुटला, शब्द विसरला, तर झीलकऱ्यांनी ती ओळ आपल्या गळ्यावर घ्यायची आणि बुवाची लाज राखायची. सखाबुवाच्या मंडळाची झील तर त्यासाठी प्रसिद्ध. निशिगंधाला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि नेमकं तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं नाही.

हल्ली पोलीस रात्री भोंगा चालू देत नाहीत, म्हणून सामना शनिवारी दुपारीच लागला. ऊन तापलेलं, मांडवाचं कापड फडफडतंय, पंखे गरम हवा फेकतायत. मुंबईकर पोरं पुढे मोबाइल धरून बसली होती. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत सेजल आजीजवळ बसली होती. ती निशिगंधाकडे बघून जराशी हसली. तिचा विश्वास होता.

गण झाला, गवळण झाली. मग उत्तराला तोंड फुटलं. पहिली तीन पदं निशिगंधाने सखाबुवाची म्हटली. चौथ्याला तिने ढोलकीकडे पाठ केली, भरतबुवाकडे सरळ पाहिलं आणि स्वतःची रचलेली ओळ घातली:

बाईचं नाव घेतल्याबिगर तुला येईना चाल
शाहिरा, तुझ्या शाहिरीचे हेच का रे हाल

मांडव गप्प झाला. शिट्टी आली नाही. कुठेतरी एका म्हातारीने "बरोबर हाय" म्हटलं ते स्पष्ट ऐकू आलं. भरतबुवाने मान खाली घातली आणि क्षणभर निशिगंधाला वाटलं, जिंकलं. दुसरं कडवं घ्यायला तिने श्वास घेतला.

तो श्वास जरा लांबला, एवढंच झालं.

मागे झीलकऱ्यांना ही ओळ नवी. त्यांना वाटलं, बुवा चुकली, भलतंच गायली, आता दम तुटून उभी राहिली. लाज राखायला हवी. विनोदने ढोलकीवर थाप देऊन इशारा केला आणि सगळ्यांनी एका गळ्याने, महिनाभर घोटलेली ओळ उचलली. शाहिराची सेजल बाई.

निशिगंधा वळली. तिने हात हलवून नको नको केलं, पण नाचणाऱ्यांचे घुंगरू वाजत होते, काही झीलकऱ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि बाकीच्यांना तिचा हात "अजून जोरात" असा वाटला असेल. त्यांनी ओळ पुन्हा घेतली. मग मांडवाने घेतली. शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्या आपटल्या. पोरं नाव घेत होती आणि ते पुढच्या रांगेतल्या मोबाइलमध्ये जात होतं.

"बंद करा!" ती माइकमध्ये ओरडली. कुणाला ऐकू गेलं नाही.

भरतबुवा ओरडला नाही, मारामारीवर आला नाही. तो शांतपणे उठला, पायातले चाळ सोडले, ते बाजूला ठेवले आणि बायकांच्या बाजूला गेला. सेजल आपणहून उभी राहिली. आजीने तिचा हात धरला होता. तिघं मांडवातून बाहेर गेली, आणि लोकांनी त्यांना वाट करून दिली. निशिगंधा मंचावरून उतरून धावली तोवर त्यांची रिक्षा महामार्गाला लागली होती.

रात्री पडवीत सखाबुवा खुशीत होता. "झीलीनं राखलं आज," तो म्हणत होता. निशिगंधाने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "काका, त्या पोरीला काय झालं तर ते तुमच्या आणि माझ्या नावावर." म्हातारा जेवायचा थांबला.

सेजलचा फोन बंद लागत होता. रविवारी बंद, सोमवारी सकाळी बंद. बसमध्ये नवी क्लिप वाजत होती. मागच्या सीटवरचा माणूस आता आदराने म्हणाला, "मॅडम, काय वाजवलीत हो त्याची!" निशिगंधाने त्याच्याकडे पाहिलं. तिने बस थांबवायला लावली, उतरली आणि दासगावला जाणारी रिक्षा पकडली.

भरतबुवाचं घर विचारावं लागलं नाही. त्या सकाळी गावात एकच घर असं होतं की ज्याच्यासमोरून माणसं खाली मान घालून जात होती. ओटीवर सेजलची आजी, ठमाबाई, सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ती निवडत नव्हती, नुसती बोटं फिरवत होती.

"सेजल कुठाय आजी?"

"मामाकडं गेलीय."

"कुठल्या गावाला?"

ठमाबाईने सूप बाजूला केलं. "तू जा गो बाय. तुझं काम झालंय." तिचे डोळे मात्र मागच्या खोलीकडे गेले. त्या दाराला बाहेरून कुलूप होतं. नवं, पितळी, दुकानातून कालच आणल्यासारखं.

भरतबुवा परसातून आला. हातपाय धुतलेले, खांद्याला टॉवेल. "आता काय राहिलंय?" तो म्हणाला. त्या गोड आवाजात कसलाच चढउतार नव्हता. "नाव घेतलंस, लोकांनी ऐकलं. माझ्या घरात आता त्या नावाचं मानूस नाय."

"मी नाय घेतलं."

"तुझ्या झीलीनं घेतलं ना? मग झालं."

तो खरं बोलत होता. ती ओटीवर बसली. मग तिने मोबाइल काढला, पोलिसांचा नंबर लावला आणि भरतबुवाच्या तोंडाकडे बघत मोठ्याने बोलू लागली, गावाचं नाव, घराची खूण, बाहेरून लावलेलं कुलूप. भरतबुवा एक पाऊल पुढे आला. ठमाबाई उठून मध्ये उभी राहिली. फोनवर पलीकडून विचारलं, आत कोण आहे?

"सेजल," निशिगंधा म्हणाली. पलीकडच्याला नीट ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा, मंचावर म्हणतात तशा मोठ्या आवाजात सांगितलं, "सेजल!"

घरात कुणी हललं नाही. तिने कान दिला. मग कुलपाच्या पलीकडून दारावर अगदी हळू थाप पडली, आणि थोड्या वेळाने आणखी एक.