दादावरची पाच पानं

चहा घ्या आधी, कारण हा किस्सा सांगताना माझा स्वतःचा नेहमी गार होतो. मी लेखक व्हायला निघालो आणि पहिल्याच दिवशी भर सभेत गुरुजींवर ओरडलो. का? ऐका.

पोलीस ॲक्शन होऊन सहा महिने झाले असतील, तेव्हा माझा दादा तापानं गेला. अजून त्याच्या सायकलवर मी बसत नाही, हातात धरून नेतो.

सुलतान बाजारातल्या एका वाचनालयात दर रविवारी एक गुरुजी नवख्यांना लिहायला शिकवत. दादा तिथं जायचा. मी तडक त्यांना गाठलं. म्हटलं, दादावर लिहितो, तुमच्या हस्तलिखित अंकात घ्याल? शाळा किती, त्यांनी विचारलं. चौथी, तीही उर्दूत. मराठी अक्षरं दादानंच पाटीवर गिरवून घेतलेली. गुरुजींनी पाच कोरे कागद दोऱ्यानं शिवून दिले, टाक-दौत दिली आणि सांगितलं, एका पानावर एकच प्रसंग लिही.

लिहिले पाच प्रसंग. लहानपणापासून शेवटपर्यंत.

रविवारी वीसेक माणसं जमलेली. गुरुजी वाचायला लागले, "मुसी नदीकाठी दादाला अग्नी दिला."

एकदम शेवटच? पुढच्या पानावर दादा तापानं फणफणलेला. त्यापुढच्या पानावर धडधाकट, बेगम बाजारातून डोक्यावर गुळाची ढेप घेऊन येतोय. मग मला सायकल शिकवतोय. कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं, हसू दाबतायत. माझं डोकं फिरलं.

"थट्टा करता का गुरुजी? माझा भाऊ आधी मेला आणि मग आजारी पडला?"

"अरे, तूच तसं लिहिलंयस," गुरुजी चक्रावून म्हणाले. "पहिलं पान कुठलं तुझं?"

मी वही हिसकावली, पालथी केली आणि उजवीकडून उघडून दाखवली. आमच्या उर्दू शाळेत वही तशीच उघडत. मराठीत वही लिहिलीच कुणी होती?

मागून एक जण म्हणाला, "अरे, हा तर आपल्याच मदरशाचा निघाला." मदरसा म्हणजे तेव्हा साधी शाळाच, आणि जमलेले बहुतेक उर्दूतच शिकलेले. मग काय, डोळे पुसणारेसुद्धा पोट धरून हसले. मी दाराकडे बघत होतो.

गुरुजींनी हात धरला. "कसं लावू अंकात? तुझ्या क्रमानं की माझ्या?"

मी त्यांच्या क्रमातलं शेवटचं पान पाहिलं. त्यात मी पाच वर्षांचा, दादाच्या खांद्यावर बसून पेरू तोडत होतो. दादा खाली उभा होता, घट्ट पाय रोवून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

"तुमच्या," म्हटलं.

अंक निघाला. लोक विचारायचे, ही मांडणी सुचली कशी? मी गंभीर चेहरा करायचो. चढलीच जरा. दुसरा लेख मी शहाण्यासारखा डावीकडून लिहून नेला.

गुरुजींनी तो पुढून वाचला. मग मागून वाचून पाहिला.

म्हणाले, "बाळ, हा कुठूनच जमलेला नाही."