दिवा बंद म्हणजे हत्ती नाही

माझा धाकटा भाऊ इळंगो जन्माचा भित्रा. चहाच्या मळ्यात अप्पांना हत्तीनं चिरडलं तेव्हा तो एवढासा होता. तेव्हापासून फांदी मोडली तरी माझा पदर धरायचा. आता कोइंबतूरच्या कॉलेजात सर्किटं बनवतो, संशोधन करतो, पण भित्रेपणा काही सुटला नाही. "अक्का, अंधार पडायच्या आत घरी येतेस ना?" म्हणून फोनवर नुसता जीव खायचा.

त्या भीतीतूनच त्यानं तो दिवा केला. जंगलाच्या कडेला डब्या पुरल्या. हत्तीच्या पावलांनी जमीन हादरली की डब्या घरच्या वाटेवर, वळणावरच्या खांबाला कळवतात आणि लाल दिवा पेटतो. दिवा बंद म्हणजे हत्ती नाही, खुशाल जा. चहा खुडणाऱ्या आम्ही सगळ्या बायका त्याच्या भरवशावर निर्धास्त झालो.

पोंगलच्या सणाला तो आला. संध्याकाळी बसमधून उतरून आम्ही घरी निघालो. माझी लेक मल्लिका उसाची मोळी खांद्यावर टाकून पुढे पळाली, वळणापलीकडे दिसेनाशी झाली. दिवा बंद होता.

"बघ, तुझा दिवा गप्प आहे. चल लवकर," मी म्हटलं.

तो खांबापाशी थांबला. तपासायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दिवा पेटेना. झाकण उघडलं तर आत मुंग्यांनी घर केलेलं, तारा गंजलेल्या.

"अक्का," तो आत बघतच म्हणाला, "हा गप्प नाही. हा मेलाय."

मी ओरडणार तोच त्यानं माझं तोंड दाबलं. वळणापलीकडून कडाकडा ऊस मोडल्याचा आवाज येत होता.

जन्माचा भित्रा खरा, तरी तोच पुढे झाला. हत्तीण रस्त्यात उभी, पायाशी मोळी. पोरगी कुठंच दिसेना. मुरुगा देवा, असली वेळ वैऱ्यावरही आणू नकोस! मग कडेच्या चरात, चहाच्या झुडपाखाली एक हात हलला. इळंगो पोटावर सरपटत गेला आणि तिला ओढत घेऊन आला. तिचे दात वाजत होते. त्याचे जास्त.

घरी मी त्याच्यावर तुटून पडले. "मेल्या, एवढा शिकलास काय? मेलेला दिवाही खुशाल जा म्हणतो?"

"चुकलंच माझं, अक्का. सगळं ठीक असेल तेव्हा पेटायला हवा. हिरवा. विझला की कुणी पाऊल टाकायचं नाही, मग कारण हत्ती असो की मुंगी."

पण नवं सर्किट व्हायला वेळ लागणार, आणि बायकांना कामावर जाणं चुकतंय थोडंच! इळंगोनं रजा वाढवली. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन स्वतः वळणावर उभा राहू लागला. पान हललं तरी दचकायचा. बायका हसायच्या, "प्रोफेसर, लुंगी सांभाळा हो!"

एकदा मल्लिकानं विचारलं, "मामा, भीती नाही वाटत?"

"खूप वाटते गं. दिव्याला वाटत नव्हती, म्हणून तर मी उभा आहे."