निधी, फलक आणि आंबीच्या बायका

ओजस झाल्यापासून माझ्या पर्समध्ये थर्मामीटर, वाइप्स आणि अर्धवट खाल्लेलं बिस्कीट असतं. त्यांच्याच खाली कुठेतरी ऑफिसचे किस्से साठतात. मी मुद्दाम ठेवत नाही. पण सरकारी निधीवर चालणाऱ्या केंद्रात काम केलं की ते आपोआप जमतात, मुलाच्या मोज्यांसारखे, बिनजोडीचे!

तळेगावजवळच्या आंबी गावात कंपन्यांमध्ये कामाला बाहेरच्या राज्यांतून खूप कुटुंबं आली आहेत. त्यांनी गावात मिसळावं म्हणून समाजमंदिरात आमचं केंद्र. मी बायकांना मराठी शिकवते, शाळेचे नि दवाखान्याचे कागद भरून देते. वर्षातून एकदा तपासणी होते. साहेबांनी चांगलं लिहिलं तर पुढच्या वर्षीचा निधी, नाहीतर कुलूप. माझ्या डोक्यात ते कुलूप वर्षभर वाजत असतं.

*

पहिला निधी मंजूर झाला तो फलकासाठी. खडू नाही, सतरंजी नाही, पण फलक भिंतीएवढा! त्यावर ‘परराज्यातील बंधू-भगिनींचे स्वागत’, अस्सल मराठीत.

मी ऑफिसला फोन केला. “सर, त्यांना मराठी वाचता येत नाही. खाली हिंदीत लिहू या का?”

“मॅडम, मग तुम्हाला कशाला ठेवलंय?”

*

मग नियम आला : वर्गात नाव घालायचं तर रहिवासी दाखला हवा. आणि आमच्या वर्गाचा पहिला धडा काय? रहिवासी दाखला कसा काढावा!

पुन्हा फोन. पुन्हा तेच सर. त्यांनी नियम पुन्हा वाचायला घेतला. मला वाटलं, पटलं बहुतेक.

“असं करा, त्यांना दुसऱ्या धड्यापासून घ्या.”

*

बिहारहून आलेली फूलमती माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. चार महिने मी तिच्याकडून ‘मला पाणी हवे आहे’ घोटून घेतलं. एक दिवस ती शेजारच्या सखूमावशींबरोबर भातलावणीला गेली. संध्याकाळी दारातूनच ओरडली, “मॅडम, लय उकडतंय, पानी द्या की!”

“हे मी कधी शिकवलं?”

ती समजूत घालत म्हणाली, “तुमचं मराठी बी चांगलं हाय मॅडम. पेपरात चालंल.”

त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, मी नक्की काय करते तिथे? तो म्हणाला, “फोन.”

*

ओजसला मी सोबत नेते. तिथे तो फूलमतीच्या रिंकीशी खेळतो. दोघंही दोन वर्षांची. मोबाईलमधलं अ‍ॅप म्हणतं, या वयात पन्नास शब्द यायला हवेत. मी रोज मोजते. परवा सासूबाईंनी त्याला जेवायला हाक मारली, तर लेकरू रिंकीच्या भोजपुरीत ठसक्यात म्हणालं, “हम ना जाइब!”

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न.

*

आणि मग तपासणी. साहेब आले. अट अशी की, वर्गात स्थानिक बायकाही हव्यात, नाहीतर मिसळणं सिद्ध होत नाही आणि निधी बंद. मी निर्धास्त होते. सखूमावशी अर्धं गाव घेऊन आल्या होत्या.

साहेब म्हणाले, “स्थानिक महिला उजवीकडे, स्थलांतरित डावीकडे.”

“स्थलांतरित म्हंजी वो?” सखूमावशींनी विचारलं.

साहेबांनी फॉर्म वाचला. “जन्मगाव सोडून दुसरीकडे राहणारी व्यक्ती.”

“मंग मी तिकोणा पेठेची. हितं नांदायला आलेय.” मावशी डावीकडे जाऊन बसल्या.

“मी कामशेतची,” दुसरी उठली. तिच्यामागे तिसरी. बघता बघता उजवीकडची सतरंजी रिकामी! गावच्या लेकी तर सगळ्या सासरी.

“मॅडम, तुम्ही?”

“माहेर लोणावळा, सासर इथलंच,” मी पुटपुटले. मग घाईघाईने ओजसला पुढे केलं. “हा?”

“जन्म कुठला?”

“तळेगावच्या हॉस्पिटलमधला.” तीन हॉस्पिटलं पाहून निवडलेलं होतं हो मी!

“मग नाही.” साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “एक तरी स्थानिक दाखवा, मॅडम. नाहीतर मी काय लिहू?”

तेवढ्यात डावीकडून फूलमती म्हणाली, “सायेब, माजी रिंकी हितलीच हाय. दवाखान्याची गाडी येईस्तोवर थांबलीच न्हाई ती.”

“व्हय,” सखूमावशी म्हणाल्या. “माज्या वसरीवर झाली. नाळ मीच कापली.”

रिंकीला उजवीकडच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. एकटीच.

साहेबांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. “खाली उपस्थित स्थानिकाची सही किंवा अंगठा लागतो.”

“त्यात वयाची अट आहे का?” मी विचारलं.

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

“नाही.”

साहेबांनी शाईचा पॅड उघडला. रिंकीनं तोंडातला अंगठा बाहेर काढला.