कापलेलं कडवं

माझे वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते आणि गाणी लिहायचे. गाणी जयंतीची. चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या मंडळांची माणसं घरी यायची, यंदा नवीन काय म्हणून विचारायची. मग वहीतलं एखादं गाणं ते त्या वर्षी गाजत असलेल्या सिनेमातल्या चालीवर बसवून द्यायचे. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. चाल लोकांना आधीच पाठ असली की शब्द लवकर तोंडात बसतात, असं ते सांगायचे.

शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव असायचं. अशा गाण्यांची ती रीतच आहे. फौंड्रीत त्यांनी भरलेल्या साच्यातून निघालेल्या मालावर कंपनीची खूण उठायची. त्यांची स्वतःची खूण म्हणाल तर ही कडवीच.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला शाहूपुरीतल्या एका कॅसेटवाल्यानं त्यांची आठ गाणी रेकॉर्ड केली. गायले वडीलच. कोरसला आत्या आणि मी. मी तेव्हा बारावीला होते. एका गाण्यात आत्यानं सूर आधीच उचलला. कॅसेटवाला म्हणाला, राहू दे, जोरात वाजल्यावर कळत नाही. ती चूक तशीच राहिली.

पुढच्या वर्षी एका लग्नासाठी आम्ही बिद्रीकडे गेलो होतो. बाजारात कॅसेटच्या गाड्यावर तेच गाणं लागलेलं. कव्हर मात्र वेगळं, त्यावर कुणा दुसऱ्याच माणसाचा फोटो. वडील थांबले.

"घ्या की पावणं," गाडेवाला म्हणाला. "लई चालतीया ही."

वडिलांनी ती विकत घेतली. वाटेत मी म्हटलं, "आबा, गाणं तुमचं हाय म्हणून सांगायचं हुतं की त्याला."

"सांगून काय करू? चालतंय म्हणाला न्हवं? बास."

घरी आल्यावर त्यांनी ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. कडवं होतं, कडव्यात नाव होतं. कव्हरवरच्या फोटोबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत.

दोन हजारनंतर मी शाहूपुरीतच एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागले. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल. शेजारी नेट कॅफे होता. एकदा दुपारी तिथं कुणीतरी जयंतीची गाणी डाउनलोड करत होतं आणि मला आत्याचा तो चुकलेला सूर ऐकू आला. मी आत जाऊन बघितलं. साइटवर गायक आणि कवी म्हणून भलतंच नाव होतं. गाणं तिसऱ्या कडव्यावर संपत होतं.

रविवारी मी वडिलांना घेऊन गेले. हेडफोन लावून ते ताठ बसले. गाणं संपलं तरी बसून राहिले.

"संपलं?"

"संपलं की."

"मग शेवटचं कडवं कुठं हाय?"

मी त्यांना सांगितलं की हे कुणीतरी मुद्दाम कापलंय, आपण तक्रार करू. आधी पत्र मराठीत टाइप केलं, कारण ते त्यांना वाचून दाखवायचं होतं. ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं तो आमच्या मालकांनी कुणाकडून तरी फ्लॉपीवर कॉपी करून आणलेला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी टाइप करत राहिले.

शब्द, चाल आणि आवाज माझ्या वडिलांचा आहे, असं पहिलंच वाक्य होतं. तिथंच त्यांनी हात वर केला.

"चाल कुणाची हाय?"

"आबा, तसं सगळीच करत्यात."

"सगळी करत्यात म्हणून ती माझी हुती व्हय? खोड ते."

मी 'चाल' खोडलं. पुढे 'गाणं ताबडतोब काढून टाकावं' असं होतं. त्यालाही त्यांनी नकार दिला. "काढा म्हणायचं न्हाय. कडवं लावा म्हणायचं."

मी मान हलवली. प्रत्यक्षात इंग्रजीत मेल पाठवताना मी माझ्या अकलेनं लिहिलं. कडवं लावा अशी तक्रार कोण वाचणार, असं मला वाटलं. हक्क, परवानगी, कारवाई असे शब्द मी दुसऱ्या एका पत्रातून उचलले आणि गाणं काढून टाकण्याची मागणी केली. उत्तर आलं नाही. आठ-दहा दिवसांनी बघितलं तर गाणं साइटवरून गेलं होतं. मी पेढे घेऊन घरी गेले.

"लावलं कडवं?" वडिलांनी विचारलं.

"न्हाय. गाणंच काढलं त्यांनी."

"काढाय कुणी सांगितलतं?"

मी सांगितलं, मीच. ते पेढ्यांच्या पुड्याला हात न लावता उठले आणि सायकलच्या चाकात हवा भरायला गेले. नंतर बरेच दिवस त्यांनी माझ्याजवळ गाण्याचा विषय काढला नाही. रागावलेही नाहीत. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

जयंतीला मंडळवाले आले. म्हणाले, गाणं नेटवर सापडत नाही. वडिलांनी चारही कडवी कागदावर लिहून दिली. त्यानंतर मी जुनी कॅसेट दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि पूर्ण गाणं दुसऱ्या एका साइटवर टाकलं. या वेळी आधी त्यांना विचारलं. त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या नावाखाली 'चाल सिनेमातली' असंही लिहिलं. वर्षभरात त्याच्या बऱ्याच नकला निघाल्या, काही पूर्ण, काही कापलेल्या. 'चाल सिनेमातली' एवढं मात्र एकानंही उचललं नाही.

मधल्या काळात वडिलांनी नवीन गाण्यांत नाव पहिल्याच कडव्यात घालून बघितलं. मंडळातले एक म्हातारे त्यांना म्हणाले, "गाणं सुरू व्हायच्या आधी सही करतोस व्हय रं?"

"शेवटपातूर ऐकतंय कोण?" वडील म्हणाले.

अशी तीन-चार गाणी झाली. एका रविवारी वही घेऊन ते बराच वेळ गुणगुणत बसले, मग नाव खोडून परत खाली नेलं. मी विचारलं, तर म्हणाले, "वर बसत न्हाय ते. वजन बिघडतंय." आणि पुढची ओळ लिहायला लागले.