न दिसलेली बोटं

मी मुळात भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते मी हट्टाने केलं असं कुणालाही वाटेल, आणि हट्ट करायचीसुद्धा माझी छाती नाही. मी घाबरलो होतो, एवढंच. घाबरलेला माणूस किती सफाईने खोटं बोलू शकतो हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

आम्ही नॉटिंगहॅममध्ये बेसबॉल खेळतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक हसतात. राहायचं इंग्लंडात आणि खेळ खेळायचा अमेरिकेचा, हे कसलं खूळ, असं त्यांचं म्हणणं. खूळ माझ्या मुलीचं. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि तेव्हा शेफील्डला दातांची डॉक्टर व्हायच्या शेवटच्या वर्षाला होती. शाळेत असताना तिला या खेळाचं वेड लागलं आणि तिच्याकडे चेंडू फेकायला घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तरुणपणी सांगलीत मी मध्यमगती गोलंदाजी करायचो, तेवढ्या भांडवलावर उभा राहिलो. पुढे क्लबला माणसं कमी पडली तसा मीही संघात ओढला गेलो. आमची लीग म्हणजे सगळ्यात खालची पायरी. प्लंबर, नर्स, शिक्षक, जो शनिवारी मोकळा असेल तो खेळाडू. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी त्या संघाचा पिचर होतो आणि माझी मुलगी कॅचर.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. कॅचर त्याच्या समोर, फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसतो, आपल्या विकेटकीपरसारखा, पण फार जवळ. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर ठरवतो आणि मांड्यांच्या मध्ये हात धरून बोटांनी दाखवतो. एक बोट म्हणजे सरळ आणि जोरात. दोन म्हणजे वळणारा. पिचरने ती बोटं बघून मान हलवायची आणि तोच चेंडू टाकायचा. कॅचर त्याच चेंडूच्या तयारीत बसलेला असतो. भलताच आला तर तो कुठे लागेल याचा काही नेम नाही. सगळा भरवसा त्या हललेल्या मानेवर.

आणि मला ती बोटं दिसेनाशी झाली होती.

मे महिन्यात सुरू झालं. उजव्या डोळ्यासमोर बरोबर मधोमध एक डाग आला, चष्म्यावर तेलकट अंगठा उमटावा तसा. चष्मा पुसला, डोळे धुतले, डाग जागचा हलेना. मग रस्त्यावरचा दिव्याचा खांब मध्येच वाकलेला दिसायला लागला. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी चौकटींचा एक कागद समोर धरला आणि रेषा सरळ दिसतात का असं विचारलं. मी बेधडक हो म्हणालो. त्यांनी माझ्या डोळ्यांचे फोटो आधीच काढले होते, त्यामुळे माझ्या उत्तराला त्यांनी काडीची किंमत दिली नाही. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे म्हणाल्या, हॉस्पिटलला अर्जंट पत्र पाठवते म्हणाल्या. हॉस्पिटलची तारीख आली. मी फोन करून ती पुढे ढकलली. नवी तारीख आली, तीही ढकलली. डॉक्टरने त्याला नाव देईपर्यंत तो माझ्या लेखी नुसता डाग होता.

माझ्या वडिलांचे डोळे असेच गेले. ते सांगलीला शाळेत क्लार्क होते. चेहऱ्याकडे न बघता माणसाच्या कानाकडे बघत बोलायला लागले, तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा तुसडा झाला. एका सुट्टीत मी इथून बॅगा घेऊन दारात उभा राहिलो, त्यांनी माझ्या दिशेने अगदी रोखून पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आईला विचारलं, "कोण आलंय गं?" तो प्रश्न तेव्हापासून माझ्या पोटात बसलेला आहे. डाग पहिल्यांदा दिसला त्या सकाळी मी बाथरूमची कडी लावून टबाच्या काठावर बसून राहिलो.

घरात मी कोणाला काही सांगितलं नाही. गुडघा दुखतो अशी थाप मारून गाडी बायकोच्या हवाली केली. मुलीला तर सांगणं शक्यच नव्हतं. तिने मला त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये नेऊन बसवलं असतं, आणि पिचिंग बंद केलं असतं ते वेगळंच. ती शेफील्डहून यायची ती शनिवारच्या मॅचसाठी. मॅच गेली की ती कशाला येईल, ही एक दुसरी भीती. भीतीचं तसंच असतं, एक आली की ती आपलं गणगोत घेऊन येते.

मग मी अंदाजाने मान हलवायला लागलो. दहा वर्षं मी तिच्याकडे चेंडू फेकत आलो होतो. दोन सरळ झाले की तिसरा ती वळणारा मागणार, फलंदाज धिप्पाड असेल तर पहिलाच वळणारा मागणार, हे मला पाठ होतं. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. चुकला की ती धडपडून, कसाबसा चेंडू अडवायची आणि मास्कच्या जाळीतून माझ्याकडे बघत राहायची. "हात घसरला," असं मी ओरडायचो. प्रत्येक चेंडूच्या वेळी, तो हातातून सुटल्यापासून तिच्या मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या चामडी मोज्यात, थाप वाजेपर्यंत, मी श्वास घेत नसे.

जुलैमध्ये ती नखांना झगझगीत पिवळा रंग लावून आली.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"पुष्कळ कॅचर्स करतात, बाबा. साइन नीट दिसते. कसा आहे नेलपॉलिश?" तिच्या मराठीत लिंगांचा नेहमीच घोळ असतो, आणि मी ते सुधारणं कधीच सोडून दिलंय.

छान आहे म्हणालो. तो पिवळा रंग माझ्यासाठी देवासारखा धावून आला. बोटं दिसली नाहीत तरी पिवळे ठिपके मोजता यायचे. एक ठिपका, दोन ठिपके. काही आठवडे मी पुन्हा खराखुरा पिचर झालो. तिला संशय आला असेल का, हा विचार मनात यायचा आणि मी तो लगेच हुसकून लावायचो.

आमचा क्लब सुरू करणारे एक आजोबा आहेत, रिटायर झालेले बस ड्रायव्हर. त्यांना अमेरिकेतल्या जुन्या, छोट्या लीगांचा नाद. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खाणीच्या आणि गिरण्यांच्या गावांतले संघ, ज्यांची नावं आता त्या गावांनाही आठवत नाहीत. त्या खेळाडूंचे फोटो त्यांनी जाड अल्बमांत लावून ठेवलेत. गालफडं बसलेली तरुण पोरं, लोकरीचे जाड शर्ट, आणि कॅमेऱ्यात डोळे रोखून बघणं. आजोबा फोटोतल्या चेहऱ्याआधी हात दाखवतात. कॅचर ओळखायचा असेल तर त्याचा उजवा हात बघायचा, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी. तेव्हाचं मिट पातळ असायचं, त्यामुळे चेंडू धरायला दुसरा उघडा हातही लगेच लावावा लागायचा, आणि बोटं मोडायची. मोडली तरी कोणी सांगायचं नाही. ताप, फुटलेली बरगडी, अधू नजर, सगळं दडवायचं, कारण सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरचं तिकीट. हे ऐकताना बाकीचे हसत असत, आणि मी खाली बघून बुटाची नाडी बांधत असे.

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी आजोबा एक जुन्या पद्धतीची मॅच ठेवतात. हेल्मेट नाही, जाड गादीचं मिट नाही, कॅचरला फक्त तारेचा मास्क, सगळं तेव्हासारखं. प्रत्येकाला ते अल्बममधल्या एका खेळाडूचा फोटो देतात, दिवसभर तो खिशात ठेवायचा. मला त्या वर्षी एक पिचर मिळाला, मिशा फुटू लागलेला. मागे पेन्सिलने एकच शब्द होता: डोळे.

"याचं काय झालं?" मी विचारलं.

"नजर गेली. सांगितलं नाही त्याने. एक दिवस त्याच्या चेंडूने कोणाला तरी लागलं," आजोबा म्हणाले. "त्यानंतर कुठल्याच संघाच्या यादीत तो मला सापडला नाही." आणि ते पुढच्या माणसाला त्याचा फोटो द्यायला निघून गेले.

तिथेच थांबायला हवं होतं. पाठ भरली आहे, दुसऱ्या कोणीतरी टाका, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी तो फोटो खिशात घातला आणि मैदानाकडे चालू लागलो. तेवढ्यात आजोबांची नजर मुलीच्या पिवळ्या नखांवर गेली. असली नखं तेव्हाच्या कुठल्या कॅचरने लावली होती, असं म्हणत त्यांनी आमच्या एका नर्सच्या पर्समधून रिमूव्हर मागवला. मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने नखं पुसली.

दुपारी आभाळ भरून आलं होतं. मुलगी फलंदाजाच्या मागे बसली, तिच्या मांड्यांच्या मध्ये नुसता काळोख. चार डाव मी अंदाजाने रेटले. तिचा उजवा हात, उघडा, त्या पातळ मिटच्या शेजारी, आणि चेंडू त्याच्याकडे जाताना मी मनातल्या मनात गणपती म्हणत होतो. पाचव्या डावात समोर आमचा किडकिडीत प्लंबर आला. दोन चेंडू सरळ गेले. आता ती वळणारा मागणार, याबद्दल मला शंका नव्हती. तिचा हात खाली गेलेला दिसला. मी मान हलवली आणि टाकला.

तिचे हात वर आलेच नाहीत. म्हणजे आले, पण उशिरा, आणि आधी उघडा हात आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली नाही. हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसली आणि मास्क तसाच ठेवून मान खाली घातली. मी धावत गेलो तेव्हा गवतावर रक्त होतं आणि तिचं मधलं बोट भलत्याच बाजूला वळलेलं होतं. तेवढ्या जवळून ते मला स्वच्छ दिसलं. याच हाताने तिला लोकांच्या तोंडात सुई धरायची होती, याच हाताची परीक्षा होती.

बोट पुढे जुळलं, परीक्षा थोडी लांबली पण झाली, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा बायकोने आम्हाला हॉस्पिटलच्या दारात उतरवलं आणि ती पार्किंग शोधायला गेली. आम्ही दोघं ए अँड ईच्या, म्हणजे अपघात विभागाच्या, खुर्च्यांवर बसलो, तिच्या हातावर बर्फाची पिशवी. समोर भिंतीवर किती वेळ थांबावं लागेल ते सांगणारा स्क्रीन होता, त्यावरचे आकडे मला वाचता येत नव्हते.

"बाबा, तुम्ही मान का हलवली?" तिने विचारलं.

"तू दोन बोटं दाखवलीस ना."

बर्फाची पिशवी तिने थोडी सरकवली.

"मी काहीच नाही दाखवला," ती म्हणाली. "मूठ केली होती. फिस्ट. त्याच्या आधीच्या बॉलला पण. तुम्ही दोन्ही वेळा येस केलं."

घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, उलटा तिच्यावर आवाज चढवला. "मग उठली का नाहीस? टाइम का नाही मागितलास? तिथेच का बसून राहिलीस?"

"मला वाटलं, तुम्ही स्टॉप कराल. दिसलं नाही म्हणाल. मी वेट करत होते." तिने बर्फाची पिशवी बाजूच्या खुर्चीवर ठेवली. "तुम्ही टाकणार नाही असं वाटलं मला. आय वॉज सो शुअर."

"मला दिसत नाही गं," मी म्हणालो. सगळं एका दमात बाहेर आलं, डाग, पत्र, ढकललेल्या तारखा. "आत्ता तू इथे बसली आहेस, तरी मला तुझा चेहरा नीट दिसत नाही. मधोमध काही नाहीच. मला फार भीती वाटते."

"कधीपासून?"

"मे."

ती बोटं मोजायला लागली, डाव्या हाताची, अंगठ्याने एकेक दाबत, मे, जून, जुलै, ऑगस्ट. मग थांबली.

"एवढ्या सगळ्या मॅचेस," ती म्हणाली, "मी तुमच्या समोर बसत होते, बाबा."